तेवढं एक आधी सांग

बयो,

काल फोनवर तीनदा विचारलंस, "ताई, क्रोन्सच असेल का गं?" आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. तुझ्या सोनोग्राफीत लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला सूज दिसली, तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ते नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुण्याला गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. आपल्याला माहीत आहे ते एवढंच. पण त्या प्रश्नचिन्हाने तुझी झोप उडवली आहे. अकरा वर्षांपूर्वी माझीही उडवली होती. फोनवर मावशी शेजारी असते आणि तू नुसतं 'हं, हं' करतेस, म्हणून हे लिहून पाठवते. हवं तर मोबाइल संडासात ने आणि तिथे वाच. तसाही आपल्यासारख्यांचा निम्मा दिवस तिथेच जातो.

माझी पहिली भेट कशी झाली ते तुला कधी सांगितलेलं नाही. त्या भेटीत मी काय लपवलं ते आईला अजून माहीत नाही, तेव्हा हे आपल्या दोघींतच राहू दे.

साडीच्या दुकानातली एक मोठी पिशवी होती, तिच्यात चार वर्षांचे रिपोर्ट कोंबलेले. डॉक्टरांनी हात घातला तर पहिल्यांदा मिक्सरच्या दुरुस्तीची पावती निघाली. त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा संडासला जावं लागतं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "चार-पाच वेळा जाते, खाण्याचं पथ्य नाही हो पाळत." मी मान डोलावली. खरा आकडा नऊ-दहाचा होता, त्यातले दोन रात्रीचे. मग त्यांनी विचारलं, "खाली काही त्रास? गळू, पू, दुखणं?" मी म्हटलं, "नाही." आणि हे 'नाही' मी खुर्चीत एका कुल्ल्यावर बसून म्हटलं होतं, कारण दुसरा टेकवत नव्हता. संडासाच्या जागेजवळ गळू होतं, ते वर्षात दोनदा फुटलं होतं. रोज पॅड लावून मी ऑफिसला जात होते आणि घरी सगळे त्याला 'हिची उष्णता' म्हणत होते. एकाने मूळव्याधीचा लेपही आणून दिला होता.

डॉक्टरांनी 'नाही' लिहून घेतलं. ते काय करणार? मी सांगितलं तेच त्यांनी लिहिलं.

ते गळू म्हणजे भगंदर होतं आणि ते भगंदर म्हणजेच माझा आजार होता. हे कळायला पुढे पाच महिने आणि एक ऑपरेशन लागलं. म्हणून बयो, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, पण जी गोष्ट सांगायची लाज वाटते ती सगळ्यात आधी सांग. खुर्चीत बसल्याबरोबर. तोंडातून निघत नसेल तर कागदावर पहिल्या ओळीत लिही आणि कागद त्यांच्यापुढे सरकव. तुझी ती गोष्ट कोणती, हे मी विचारत नाही. तुला ठाऊक आहे.

मावशीची काळजी करू नकोस. मी बरोबर येणार आहे, पहिली दहा मिनिटं तिला खाली चहाला नेईन. पुढचं काय ठरतंय ते ऐकायला तिला आत घेऊ, त्याला दोन कान जास्त असलेले बरे. तपासताना पोट दाबून बघतील, खालची जागाही बघतील, कदाचित बोट घालून. मिनिटाभराचं काम असतं. सिस्टरला खोलीत थांबायला सांगण्याचा तुला हक्क आहे, आणि हल्ली बहुतेक डॉक्टर स्वतःच बोलावतात.

आता तयारीचं. पंधरा दिवस आहेत हातात. वही नको करूस, वह्या दोन दिवस चालतात. तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतंय ना, तसलंच एक आणून आपल्या कपाटाच्या दाराला आतून लाव. रोजच्या चौकोनात दिवसाचा आकडा लिहायचा. रात्री झोपेतून उठावं लागलं तर तो आकडा वेगळा, गोल करून. रक्त दिसलं तर लाल ठिपका. पोटात कळ आली तर जेवणानंतर किती वेळाने आली ते. ताप वाटला तर थर्मामीटर लावून खरा आकडा, 'कणकण' नाही. दर रविवारी सकाळी एकाच काट्यावर वजन. अपॉइंटमेंटच्या दिवशी ते पान फाडून आणायचं. मी दुसऱ्या भेटीला असंच पान नेलं होतं. डॉक्टरांनी मागे चतुर्थीचा उपास आणि दूधवाल्याचे खाडे लिहिलेलं ते पान दोन मिनिटं नीट वाचलं, आणि त्या दोन मिनिटांत त्यांना जे कळलं ते माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यातून कळलं नसतं.

रात्रीचा गोल का, ते सांगते. टेन्शनने, आतड्याच्या हळवेपणाने ज्यांचं पोट बिघडतं, त्यांना सहसा गाढ झोपेतून उठून धावावं लागत नाही. आतड्याला खरीच सूज असली तर लागतं. एवढासा गोल, पण डॉक्टर त्याच्यासाठी थांबतात.

'जुलाब' हा शब्दही जरा सोडवून सांग. मावशीचे जुलाब वेगळे, तुझे वेगळे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी शौचाचे सात प्रकार पाडून चित्रांचा एक तक्ता केला आहे, तो बऱ्याच ओपीडीत भिंतीवर असतो. तो नसला तर आपली भाषा आहेच. पेजेच्या पाण्यासारखं की पातळ पिठल्यासारखं, नुसतं पाणी की बरोबर चिकट आव, तवंग येतो का, पाणी ओतलं तरी चिकटून राहतं का. हे वाचून महिनाभर पिठलं खाववणार नाही तुला, माफ कर. पण डॉक्टरांना यातलं काही म्हणजे काही घाण वाटत नाही. घाण आपल्यालाच वाटते.

आणि पोटाबाहेरचंही सांग. मागच्या दिवाळीत तुझा गुडघा सुजला होता आणि तू तो फराळ करताना खाली बसण्यावर ढकललास. वारंवार तोंड येतं. एकदा डोळा लाल होऊन दुखत होता, उजेड सहन होत नव्हता. नडगीवर लालसर दुखऱ्या गाठी आल्या होत्या का कधी? हे वेगवेगळे आजार वाटतात आणि आपण ते दाताच्या, हाडाच्या, डोळ्याच्या डॉक्टरांत वाटून टाकतो. क्रोन्समध्ये हे सगळं एकाच झाडाच्या फांद्यांसारखं येऊ शकतं. आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मधले तुकडे चांगले सोडून होतो आणि आतड्याच्या भिंतीच्या आरपार जातो. म्हणून तर गळवं, भगंदर आणि आतडं अरुंद होणं हे त्याचे उद्योग.

(त्या नावाचं म्हणशील तर, न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या तीन डॉक्टरांनी 1932 साली यावर लेख लिहिला. बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर. नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने छापली, क्रोन पहिला आला आणि आजार त्याच्या नावावर चढला. वर्णमालेची कृपा, नाहीतर तू काल मला 'ताई, ओपनहायमर असेल का गं' असं विचारलं असतंस.)

आता ज्या गोष्टीची तयारी मला कुणीच करून दिली नव्हती ती. पहिल्या भेटीत तुला कदाचित उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या भेटीतही नाही. आपल्याकडे क्रोन्सचा एक जुळा भाऊ आहे, आतड्याचा टीबी. दोघांनाही तीच जागा आवडते, उजव्या कुशीत खाली, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं. दोघांतही वजन उतरतं, बारीक ताप येतो, व्रण होतात, आतडं अरुंद होतं. दुर्बिणीतून दोघं सारखे दिसू शकतात. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर दोघांतही गाठीसारख्या पेशींचे पुंजके सापडू शकतात, आणि टीबीचे जंतू आतड्यात इतके थोडे असतात की टीबी असूनही तपासणीत ते हाती लागतीलच असं नाही. युरोपातल्या डॉक्टरला हा प्रश्न क्वचित पडतो, आपल्या डॉक्टरला रोज. आणि चूक महाग पडते. टीबी असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी पसरू शकतो. क्रोन्स असताना टीबीची औषधं देत राहिलं तर तेवढे महिने क्रोन्स आपलं काम करत राहतो.

म्हणून कधीकधी डॉक्टर सरळ सांगतात की आधी एकेटी देऊन बघू. एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या. मलाही तीन महिने दिल्या होत्या. पहिल्या सकाळी लघवी नारिंगी झालेली बघून मी किंचाळले होते, ते त्या गोळीचं असतं, घाबरायचं नाही. असं तुला सांगितलं तर डॉक्टरांना काही कळत नाही असं समजू नकोस, आणि दुसरीकडे पळूही नकोस. फक्त एक प्रश्न विचार: "परत दुर्बीण कधी टाकून बघणार?" साधारण दोन-तीन महिन्यांत व्रण भरलेत की नाही ते बघायचं असतं. भरत आले असतील तर टीबी, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा. तसेच असतील तर पारडं क्रोन्सकडे झुकतं. 'बरं वाटतंय का' एवढ्यावर ते ठरत नाही.

आणि आता माझ्या त्या 'नाही'चा हिशेब ऐक. भगंदर असणं हे पारडं क्रोन्सकडे झुकवणाऱ्या खुणांपैकी एक आहे. मी ज्या खुर्चीत तिरकी बसले होते, तिच्यावर उत्तराचा निम्मा भाग घेऊनच बसले होते.

आणि याच टीबीच्या शंकेसाठी आजोबांचंही सांगावं लागेल. आपल्या घरात त्याला 'छातीचा आजार' म्हणतात आणि ते मिरजेजवळ वानलेसवाडीला 'हवापालटाला' गेले होते असं सांगतात. वानलेसवाडीला माणसं कशासाठी जायची ते सगळ्या सांगली-साताऱ्याला माहीत होतं. शेवटच्या वर्षी त्यांचा खोकला परत आला, तेव्हा तू त्यांच्याच गोधडीत झोपायचीस. मावशीला हे डॉक्टरांपुढे बोललेलं आवडणार नाही. मी बोलेन. आणि माझंही सांग, मावसबहिणीला क्रोन्स आहे म्हणून. नातेवाइकांत कुणाला आहे का हे ते विचारतातच.

औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्स पिशवीत टाकून आण, नावं पाठ करत बसू नकोस. पाळीच्या वेळी मेडिकलवाल्याकडून घेतेस त्या दुखण्याच्या गोळ्यांची आधी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी आतड्याला व्रण होऊ शकतात, म्हणजे त्या चित्र गढूळ करतात, आणि क्रोन्स असेल तर तो भडकूही शकतो. तोवर दुखलं तर पॅरासिटामॉलवर भागव. मावशीचा गुळवेलीचा काढाही सांग. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे. 'ते आयुर्वेदिक आहे, ते काय सांगायचं' असं नको. तुमच्या ऑफिसच्या गच्चीवरची ती सिगरेट पण सांग. हो, मला माहीत आहे. क्रोन्सला सिगरेट फार वाईट.

फाईलचं काम मात्र जरा कष्टाचं आहे. नवीन कागद वर, जुने खाली. रक्ताचे रिपोर्ट एकत्र, सोनोग्राफी आणि सीटी एकत्र. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, सीटीची सीडी मागून घे. मागच्या वर्षी अपेंडिक्स म्हणून तुला दोन दिवस ॲडमिट केलं होतं आणि मग 'अपेंडिक्स नाही' म्हणून सोडलं, त्या डिस्चार्ज कार्डाशिवाय येऊ नकोस. उजव्या कुशीतलं ते दुखणं तेव्हापासूनचं असू शकतं. कुठे तुकडा तपासला गेला असेल तर लॅबमध्ये मेणाचे ब्लॉक आणि काचा ठेवलेल्या असतात. त्या पेशंटला मागता येतात, आणि मोठ्या हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट त्याच काचा परत वाचतात. मला हे माहीत नव्हतं म्हणून माझी बायोप्सी नव्याने झाली. सगळ्यात वर एक पान ठेव: त्रास केव्हा सुरू झाला, कुठली औषधं झाली, कशाने बरं वाटलं, वजन किती होतं आणि किती आहे. एकच पान. दुसऱ्या पानाला कुणी हात लावत नाही.

ते काही तपासण्या लिहून देतील. हिमोग्लोबिन, सीआरपी, अल्ब्युमिन, लोह, बी-12. लहान आतड्याचा जो शेवटचा भाग तुझा सुजलाय तिथूनच बी-12 शोषलं जातं, म्हणून त्याला महत्त्व. शौचाचीही एक तपासणी असते, कॅलप्रोटेक्टिन नावाची. आतड्यात खरी सूज आहे का ते तिच्यावरून कळतं. ती क्रोन्स सांगत नाही, सूज सांगते. डबी घेऊन लॅबमध्ये जाताना तोंड लपवू नकोस, त्या मुलाला दिवसाला पन्नास डब्या येत असतील.

कोलोनोस्कोपी बहुधा होईल. दुर्बिणीचं काही वाटत नाही, झोपेचं इंजेक्शन देतात. आदल्या रात्रीचं ते लिटर-लिटर खारट-गोड पाणी, तेच काय ते जीवावर येतं. थंड करून घे, स्ट्रॉने पी, मध्ये लिंबाची फोड चोख. शहाळं, डाळीचं गाळलेलं पाणी चालतं का विचारून घे. आणि कोकम सरबत अजिबात नको. तुझ्यासाठी हे मुद्दाम लिहिते, कारण तू उन्हाळाभर त्याच्यावर जगतेस. मी दोन ग्लास प्यायले होते. आतून सगळं लाल. लाल पेयाने आतड्यात रक्त असल्याचा भास होतो म्हणून बंदी असते आणि ती सूचनेच्या कागदावर लिहिलेली होती. मी वाचली नव्हती. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या किती दिवस आधी बंद करायच्या तेही विचार.

तोवर खाण्याचे प्रयोग करू नकोस. कुणीतरी गहू सोड म्हणेल. सोडू नकोस, कारण गव्हाने होणाऱ्या सिलिॲक आजाराची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरी येते. मऊ भात, वरण, शिजवलेला दुध्या, अंडं, सोसत असेल तर ताक. जेवल्यावर पोट फुगून कळा येतात म्हणालीस, तर मक्याची कणसं, कच्ची कोशिंबीर, सालाची कडधान्यं, संत्र्याचा चोथा तेवढा बाजूला ठेव. आतडं अरुंद असेल तर तिथे असलं काही अडकतं. आणि हे नीट वाच: उलट्या थांबत नाहीत, पोट फुगलंय, वारा सरत नाही, किंवा खूप ताप, किंवा भळाभळा रक्त, असं झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. मध्यरात्र असो, जवळच्या हॉस्पिटलात जायचं आणि मला फोन करायचा.

लग्नाचं विचारशील हे मला माहीत आहे. विचार, पहिल्याच भेटीत विचार. मुलं होतात. माझ्याकडे बघ, दोन आहेत आणि दोघं मिळून मला क्रोन्सपेक्षा जास्त छळतात. पण काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, मेथोट्रेक्सेट त्यातलं एक, आणि औषध निवडताना डॉक्टरांना तुझा विचार माहीत असला पाहिजे. स्थळाला कधी आणि काय सांगायचं, ते आपण नंतर बसून बोलू. आधी आजाराला नाव तर मिळू दे.

पैशांचं एवढंच की जी काही मेडिक्लेम पॉलिसी आहे तिची प्रत आण, आणि घाईघाईने आजार लपवून नवीन काढू नकोस. क्लेम नाकारायला कंपनीला तेवढंच निमित्त पुरतं. शिवाय पुढे बायॉलॉजिक नावाची महाग इंजेक्शनं लागली तर हॉस्पिटलात समाजसेवक असतात, कुठली योजना लागू होते ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. ती वेळ आली तर ती इंजेक्शनं सुरू करायच्या आधी पुन्हा टीबीची तपासणी करतात आणि लसी कुठल्या राहिल्यात ते बघतात. लहानपणचं लसीचं कार्ड मावशीच्या कपाटात असेल, आजच शोधून ठेव.

अपॉइंटमेंटसाठी शुक्रवारीच ये. एसटीने नको, खंबाटकीला गाडी अडकली की तुझे काय हाल होतील ते मी डोळ्यांनी बघितलंय. रेल्वेने ये. वेळ जास्त लागेल, स्टेशनपर्यंत माहुलीला रिक्षाचे पैसे पडतील, पण डब्यात संडास आहे. पिशवीत एक सलवार, दोन निकर आणि ओल्या टिश्यूचं पाकीट. सीडी कपड्यांत गुंडाळ, वाकू देऊ नकोस. आणि ती पहिली ओळ गाडीत बसल्यावर लिही, घरी लिहिलीस तर मावशी वाचेल.

— ताई